बंदुकीचा वाटा

२ ऑक्टोबर २०१७, सोमवार

आज ग्रामसभेत बोललो. बोललो ते बरोबर बोललो, म्हणून शब्द न बदलता इथे लिहून ठेवतो.

नवीन वनरक्षक मॅडम आल्या आहेत. भावना नाव. माझ्या मुलीपेक्षा, रुचितापेक्षा, एखाद वर्षाने मोठ्या असतील. त्यांनी उभं राहून सांगितलं की आपल्या शिवारात चितळं मारली जातात, मांस घरोघरी जातं आणि कोणी तोंड उघडत नाही. सगळे खाली पाहून राहिले. मला ते सहन झालं नाही. या गावात परवान्याची रायफल एकट्या गुलाब गजभियेकडे आहे. शिकार होते म्हणणं म्हणजे माझ्याकडे बोट दाखवणं. मी उठलो आणि म्हणालो, "मॅडम, ह्या गावात हरणाचं एक हाडूक दाखवा. ज्या दिवशी दिसेल त्या दिवशी रायफल मी स्वतः ठाण्यात नेऊन जमा करीन. पुन्हा मागणार नाही."

टाळ्या पडल्या. सगळ्यांत आधी भय्याजींनी वाजवल्या. मालगुजाराच्या, म्हणजे गावच्या जुन्या जमीनदाराच्या, नातवाने गजभियेसाठी टाळी वाजवली, हे माझ्या बाबांनी पाहायला पाहिजे होतं. शेजारच्या भोजराजने तर शिट्टी मारली.

मॅडम म्हणाल्या, "काका, रायफल राहू द्या तुमच्याजवळच. मी तुमचं नाव नाही घेतलं."

मी म्हणालो, "नाव घेतलं नाही तरी नेम कुठे आहे ते मला कळते."

घरी आलो तर लीला चुलीपुढे बसलेली. "कायले बोलले तुमी तसं?" एवढंच म्हणाली. बायकांना सभेतली गोष्ट समजत नाही असं मी मानत नाही, पण आज तिला समजली नाही.

५ ऑक्टोबर, गुरुवार

रायफल साफ केली. गाव तिला बंदूक म्हणतं. मी दर वेळी सांगतो की बंदुकीची नळी आतून गुळगुळीत असते, रायफलीच्या नळीत पिळाच्या खाचा असतात, त्यांनी गोळी स्वतःभोवती फिरत जाते आणि म्हणून सरळ जाते. ऐकतात आणि पुन्हा बंदूकच म्हणतात. हे मला कोणी शिकवलेलं नाही. पंपाच्या जळालेल्या मोटारी तारेने पुन्हा गुंडाळायला जसा आपलाआप शिकलो तसाच रायफलीचं इंग्रजी माहितीपुस्तक शब्दकोश मांडीवर घेऊन वाचलं.

काल लाखनीला तांब्याची तार आणायला गेलो होतो. दुकानात एक ट्रकवाला बसला होता. रायफल आहे कळल्यावर त्याने विचारलं, "हरनाले कोनती चांगली?" मी म्हणालो, "कायद्याने एकही नाही. पण ज्ञान म्हणून सांगतो." आणि सांगितलं. ठासणीची भरमार वाईट. एकच बार, धूर फार, अर्धी जनावरं जखमी होऊन जंगलात मरतात, त्यांचं मांस कोणाच्याच कामी येत नाही. मटणासाठी मारणारे जुने लोक बारा बोअर पसंत करत. जाड छर्रा, तीस-चाळीस पावलांच्या आत, मचाणावरून. फक्त जेवताना दाताखाली छर्रा येतो. तीनशे पंधराची रायफल, म्हणजे माझी, लांबून अचूक, पण मऊ टोकाची गोळी खांद्यात बसली तर खांदा फुकट. मारणाऱ्याने मान धरावी, नाहीतर खांद्यामागची तळहाताएवढी जागा. मालगुजाराकडे विलायती पावणेचारशे मॅग्नम होती. ती वाघा-गव्याची वस्तू, चितळाला मारणं म्हणजे शोभा. ट्रकवाला म्हणाला, "तुमी किती मारले?"

एकही नाही, हे मी त्याला सांगितलं आणि त्याचा चेहरा पडला. त्याचा पडो. माझ्या रायफलीने आजवर एक जीव घेतलेला नाही. धान दाण्यावर आलं की बांधावरून मातीत बार काढतो, डुकरं पळतात. अर्जात मी पीक संरक्षण लिहिलं ते खरंच आहे. पण मी ती घेतली कशासाठी, हे या वहीत लिहायला हरकत नाही. बाबा मालगुजाराच्या हाक्याला जात. काट्यातून ओरडत जनावर पुढे काढायचं काम आमच्या मोहल्ल्याचं, मारायचं काम त्यांचं. एकदा झाडाला टेकवलेली मॅग्नम पडू लागली म्हणून बाबांनी सावरली. हात लावला म्हणून सगळ्यांसमोर कानफटात बसली. त्या दिवशीही हाका झाल्यावर त्यांनी जनावराचं मुंडकं घरी आणलं आणि आईने ते शिजवलं.

आज मी नळीच्या टोकावरच्या माशीवर, नेम धरायच्या खुंटीवर, बोटाने तेल लावतो, तेव्हा कोणाला विचारत नाही.

११ ऑक्टोबर, बुधवार

भोजराजकडे बकरा पडला, आपला वाटा आला. भोजराज पळसाच्या पानांत बांधून देतो, प्लास्टिकची पिशवी वापरत नाही. चांगली सवय आहे. दिवेलागणीला मागच्या दाराने देऊन जातो, कारण समोर कुत्री असतात.

मटणाचा रंग गडद, चरबी जवळपास नाही, तेल जास्त पितं. लीलाला मी समजावून सांगितलं की हा अड्याळच्या बाजारातला बकरा, डोंगराकडच्या कळपातला असणार. पायी चालत आलेल्या जनावराला चरबी धरत नाही. ती "हव" म्हणाली आणि आणखी वाढलं. चव उत्तम. गावात इतकं चांगलं मटण मिळत असताना लोक हरणं मारतात म्हणे!

१५ ऑक्टोबर, रविवार

सकाळी भावना मॅडमचा फोन. "काका, तुमाले करंटचं समजते ना? जरा बोडीवर येता काय?" गेलो.

बोडीच्या पारीवर, म्हणजे तळ्याच्या बांधावर, जिथे जनावरं पाण्याला उतरतात, तिथे बांबूच्या खुंट्या गुडघ्याएवढ्या उंच ठोकलेल्या. खुंट्यांवर बाटल्यांच्या माना उलट्या बसवलेल्या, त्यांवरून बांधणीची तार ओढलेली. काम नीट होतं, ज्याने केलं त्याला करंटची गळती कुठे होते ते कळत होतं. तारेला पांढरे-तांबूस केस चिकटलेले. जनावर नाही, हाडूक नाही.

मॅडम म्हणाल्या, "आवाज होत नाही म्हणून तार. बंदूक आता कोण वापरते, काका?"

मी त्यांना दोन गोष्टी सांगितल्या. एक, रायफल म्हणा. दुसरी, बंदूक वापरत नाहीत ह्याचं कारण माझी रायफल. आपल्याच हद्दीत बार झाला तर गजभिये ओळखेल, ह्या धाकाने बाहेरचे लोक चोरून तार लावतात. मॅडमनी तारेकडे बोट दाखवलं. मग म्हणाल्या, "ह्या तारेवर उद्या एखादा गडी पडला, धान कापाले जाणारी बाई पडली, तं?" ते मात्र खरं आहे. मी पकडीने तार तुकडे तुकडे करून दिली.

वीज चोरायला आकडा कुठे टाकला होता तेही शोधलं. भय्याजींच्या पंपाकडे जाणाऱ्या खांबावर, इन्सुलेटरजवळ ताजा घासल्याचा डाग. चोरांची हिंमत पाहा, दुसऱ्याच्या खांबावरून शिकार! मी तसाच भय्याजींकडे गेलो आणि त्यांना सावध केलं.

"असं काय!" ते म्हणाले. "तुमी सांगतलं म्हणून कळलं, गुलाबराव. आमी तं आंधळेच. बरं, ते पोरगी कवा कवा फिरते बोडीकडं?"

मंगळवारी आणि शुक्रवारी मॅडमचा दुसऱ्या बाजूचा फेरा असतो, हे मी सांगितलं. त्यांनी ओट्यावर खुर्ची दिली, कपबशीत चहा दिला. ह्याच ओट्याखाली बाबा उभे राहत आणि त्यांना "गणप्या" म्हणून हाक पडे. मी चहा सावकाश प्यायलो. बशी त्यांच्या सुनेने उचलली.

२२ ऑक्टोबर, रविवार

दिवाळी झाली. मंडईची, गावच्या दिवाळीनंतरच्या जत्रेची, तारीख ठरली, १३ नोव्हेंबर. रात्रीला नाटक आहे, दुपारी घरोघरी पाहुणे.

मी ठरवलं आहे की मंडईला भावना मॅडमला जेवायला बोलवायचं. गावाने पाहावं की ज्या घरात रायफल आहे त्या घरात जंगल खात्याचा माणूस उजळ माथ्याने जेवतो.

लीला म्हणाली, "तिले कायले?"

"कायले म्हणजे?"

"पाव्हण्यांची गर्दी असते. एखाद्या दुसऱ्या दिवशी बोलवा. वरण-भात, वांग्याची भाजी करतो."

"मंडईला वांग्याची भाजी?"

"मंग कोंबडा कापा."

"दहा पाहुणे आणि एक कोंबडा! भोजराजला सांगून ठेव, बकऱ्याचा मोठा वाटा पाहिजे म्हणावं."

ती उठून आत गेली. हल्ली तिचं मन लागत नाही. रुचिताची आठवण येत असावी. ती नागपूरला नोकरीला लागल्यापासून घर रिकामं वाटतं.

१३ नोव्हेंबर, सोमवार, मंडई

थकलो आहे, पण आजचा दिवस लिहिला पाहिजे.

मॅडम साध्या ड्रेसमध्ये आल्या. "जय भीम, काकू," म्हणून लीलाच्या पाया पडल्या. मी त्यांना पाहुण्यांच्या ओळीत मधोमध बसवलं. वाढायची वेळ आली तर लीला एका लहान गंजातून, पातेल्यातून, त्यांच्यासाठी वेगळी कोंबडी घेऊन आली. बाकी सगळ्यांना मोठ्या गंजातलं मटण. मी थांबवलं.

"हे काय?"

"त्याहिले मटण जमत नाई म्हणे," लीला म्हणाली.

मॅडम गोंधळल्या. "नाही, मी खाते ना काकू. जे आहे ते वाढा."

माझं डोकं फिरलं. वेगळं भांडं! माझ्या आजीला लोक वरून पाणी ओतत. ज्या घराने वेगळ्या भांड्याचं एवढं सोसलं, त्याच घरात जेवायला बोलावलेल्या मुलीसाठी वेगळं भांडं निघतं? मी लीलाच्या हातातला गंज घेऊन बाजूला ठेवला आणि सगळ्यांसमोर म्हणालो, "वेगळं भांडं ह्या घरात चालणार नाही." मोठ्या गंजातून मी स्वतः पळीने मॅडमच्या ताटात वाढलं, चांगल्या नळ्या शोधून. लीला दारात उभी होती, तोंडावर पदर धरून. आनंदाने भरून आलं असेल.

मी अड्याळच्या बकऱ्याची गोष्ट सांगत होतो, पायी चालतो म्हणून चरबी कमी. मॅडम ऐकत होत्या. दोनच घास खाल्ले. मग एक हाडूक ताटाच्या कडेला ठेवलं, त्यावर अर्धी पोळी झाकली आणि नुसता भात खाल्ला. आजकालच्या मुली जेवतच नाहीत.

जाताना दारात म्हणाल्या, "काका, मी आज जेवाले आली होती. ड्युटीवर नव्हती."

"असायलाच नको, आज सण आहे," मी म्हणालो.

१४ नोव्हेंबर, मंगळवार

सकाळी उष्टी ताटं आवरताना कुत्र्याला हाडं टाकत होतो. पोळीखालची नळी हातात आली आणि हात थांबला.

बकऱ्याची नळी मला पाठ आहे. आखूड, जाड, जरा बाकदार. ही वीतभराहून लांब, सरळ, बारीक. मी ती धुतली. उजेडात धरली. मनाला सांगून पाहिलं की मोठा बकरा असेल. इतकी वर्षं मी हेच सांगत आलो हे तेव्हाच ध्यानात आलं.

लीला भांडी घासत होती. मी हाडूक तिच्यापुढे धरलं.

"हे कशाचं?"

"तुमाले माहीत नाई?"

"मी विचारून राहिलो."

"चितळाचं."

"आणि मागच्या महिन्यातलं?"

"तेबी."

"कवापासून?"

"रायफल आली तवापासून. मोठं जनावर पडलं का मागची मांडी आपल्या घरी येते. बंदुकीचा वाटा हाये तो."

मला हे शब्द माहीत होते. हाक्यानंतर मांसाचे ढीग घालत, तेव्हा पहिली मांडी बंदुकवाल्याची. नेम त्याचा असो की दुसऱ्याचा, जनावर त्याच्या बाराने पडो की न पडो. मालगुजारी गेली तेव्हाच ही रीत संपली असं मला वाटत होतं.

"पण माझ्या रायफलीने कोणी काही मारलंच नाही!"

"मारलं म्हणून कोण देते? बंदूक घरात हाये म्हणून देते. आपण खाल्लं का आपलं तोंड बंद."

"मला काहून नाही सांगितलं?"

तिने राखेचा हात तसाच गुडघ्यावर ठेवला. "तुमी विचारलं कवा? पह्यल्या दिवशी मी सांगाले तोंड उघडलं, तं तुमीच चालू झाले, अड्याळचा बकरा, पायी आलेला, चरबी नाई. मी एकदा तरी बकरा म्हनलं काय?"

मी आठवून पाहिलं. नाही म्हणाली कधी.

"भोजराजच्या तोंडावर परत फेकता आलं असतं."

"फेकलं असतं. मंग धानाच्या रोवणीले कोण आलं असतं आपल्याकडं? तुमी सभेत बोलता, मले विहिरीवर जा लागते." मग भांड्यांकडे पाहत हळू म्हणाली, "आन् एक सांगू? तुमच्या बाबाले मुंडकं भेटे, खुरं भेटे. तुमच्या नावानं मांडी येते. मले बरं वाटे."

हाडूक फडक्यात बांधून आलमारीत ठेवलं, रायफलीच्या बाजूला.

१५ नोव्हेंबर, बुधवार

दुकान उघडलं नाही. खाल्लेलं सगळं आठवत बसलो. चव चांगली होती, खोटं कायले लिहू.

दोन गोष्टी राहून राहून वर येतात. एक, ग्रामसभेतल्या टाळ्या. दुसरी, खांबावरचा तो डाग. ज्याचा खांब, त्यालाच मी सावध करायला गेलो आणि मॅडमचे वार सांगून आलो. मंगळवार आणि शुक्रवार. माझ्याच तोंडाने. चहा पीत.

रायफल न देण्याची कारणंही काढून पाहिली. शब्द दिला तेव्हा मला माहीत नव्हतं. हाडूक दाखवणारीने ते झाकलं. गावाने रायफल मागितली नाही. वकील ही सगळी कारणं चालवून घेईल. पण मी शब्द दिला तेव्हा "मला माहीत असेल तर" असं म्हणालो नव्हतो. "दिसेल त्या दिवशी" म्हणालो होतो. मला दिसलं.

१६ नोव्हेंबर, गुरुवार

सकाळी भावना मॅडमकडे गेलो. रोपवाटिकेत होत्या. फडकं सोडून हाडूक पुढे ठेवलं.

"लिहा. गुलाब गजभियेने खाल्लं."

त्यांनी आजूबाजूला पाहिलं. "काका, बांधा ते आधी. मी काही पाहिलं नाही."

"पाहिलं. झाकलंही."

"लिहिलं तर शिजवलं कोणी ते पहिलं लिहा लागते. काकूचं नाव लिहू?"

मी फडकं पुन्हा बांधलं. त्या म्हणाल्या, "तुमच्या घरचं अन्न खाल्लं मी. एवढ्यासाठी तुमाले आत टाकून मले तारवाला भेटणार आहे काय?"

दया करत होत्या. त्यांचा हेतू चांगला होता हे मला समजतं, तरी मला राग आला. बाबांना कानफटात बसली तेव्हाही कोणीतरी म्हणालं असेल, जाऊ द्या, गरीब आहे. मला माफी मागायची नव्हती आणि फुकटची घ्यायचीही नव्हती. मी म्हणालो, "लिहू नका मग. माझं मी पाहतो. पण मंगळवार-शुक्रवारचा फेरा बदला, ते वार मी फोडले." मग पहिल्यांदा "हो, साहेब" म्हणाल्या. चेष्टा असेल. असो.

संध्याकाळी ग्रामपंचायतीपुढच्या छपरीत नेहमीची मंडळी बसली होती. भय्याजी खुर्चीवर. मी उभा राहिलो.

"दोन ऑक्टोबरला मी एक शब्द दिला होता. हरणाचं हाडूक गावात दिसलं आहे. माझ्याच ताटात दिसलं. उद्या रायफल अड्याळला जमा होईल."

मग भोजराज हसला. "भाऊ, ताटातलं बी मोजता काय आता?"

"गुलाबराव, बसा," भय्याजी म्हणाले. "एवढं मनावर घ्याचं नसते. सभेत मानूस बोलते काहीबाही. आमी कोनी मागतली काय तुमची बंदूक?"

"रायफल."

"बरं, रायफल. गावाची शान हाये ते. आन् उद्या डुकरं तुमच्याच धानात शिरतीन, मंग?"

"शिरू द्या."

"कोनाकोनाचं नाव घ्याचा इरादा हाये मंग?" हे त्यांनी हसतच विचारलं, पण छपरीतल्या सगळ्यांचं चघळणं थांबलं.

"कोणाचंच नाही. नावं घ्यायला लागलो तर माझ्या ताटापासून घ्यावी लागतील. पण उद्यापासून मी रोज बोडीच्या पारीवर पकड घेऊन फिरणार आहे. जिथे तार दिसेल तिथे कापणार. करंट मला समजतो, भय्याजी. खांब समजायला जरा उशीर झाला."

भोजराजने तोंडातला खर्रा थुंकला आणि पुन्हा हसला नाही. मी घरी आलो.

१७ नोव्हेंबर, शुक्रवार

रायफल शेवटची साफ केली. नळीतून चिंधी ओढली, बोल्टला तेल दिलं, दस्ता पुसला. लीला दारात उभी होती. म्हणाली, "मले एकदा धरू द्या." इतक्या वर्षांत तिने कधी मागितली नव्हती आणि मी कधी दिली नव्हती. तिच्या हातात दिली. "जड हाये बाप्पा," म्हणाली आणि परत दिली.

ठाण्यातल्या हवालदाराने विचारलं, "निवडणूक तं नाही सध्या. कायले जमा करून राहिले?"

"शब्द दिला होता."

"कोणाले?"

"गावाले."

"गावानं मागितली काय?"

"नाही."

त्याने पेन खाली ठेवलं. "भांडण झालं काय? कोणावर उगारली? दारूबिरू?"

"दारू मी पीत नाही. माझ्या घरी जे शिजायला नको ते शिजलं, म्हणून."

त्याला समजलं नाही किंवा समजून घ्यायचं नव्हतं. स्वखुशीने जमा असं लिहू लागला. बंदूक एक नग, असं लिहिलं. मी खोडायला लावलं. रायफल, तीनशे पंधरा, पाच काडतुसांची मॅगझीन, नंबर अमुक. नंबर त्याने एक आकडा चुकवला तोही सुधारून घेतला. परवाना परत करतो, पुन्हा मागणार नाही, हेही त्यात घातलं. "मास्तर आहात काय?" हवालदार म्हणाला. "मोटारी गुंडाळतो," मी म्हणालो.

बसमध्ये हात रिकामे होते. कुठे ठेवावे ते समजत नव्हतं. खरं सांगायचं तर मन भरून आलं होतं. पण पश्चात्ताप झाला नाही. मी घेतली तेव्हा कोणाची परवानगी आड आली नाही, मी दिली तेव्हाही कोणाची लागली नाही. बाबांच्या हातून मात्र मालगुजाराची मॅग्नम हिसकावून घेतली होती.

२४ नोव्हेंबर, शुक्रवार

आठवडाभर बोडीवर फिरलो. मॅडम दोनदा भेटल्या, वार बदलले आहेत. एकदा नवी तार सापडली, खुंट्या तशाच नीट ठोकलेल्या. खांबावरचा आकडा कोरड्या बांबूने आधी पाडला, मग तार कापून गुंडाळी केली आणि पंचायतीच्या फाटकाला टांगली. कोणी काढली नाही. धान कापायला चार बाया येणार होत्या, दोनच आल्या. लीला स्वतः विळा घेऊन उतरली.

आज दुपारी भोजराज आला. ह्या वेळी कुत्र्यांची भीती वाटली नसावी, समोरच्या दाराने आला. पळसाच्या पानांतलं गाठोडं नेहमीपेक्षा मोठं. ओट्यावर ठेवून म्हणाला, "वयनी, भय्याजीनं धाडलं. भाऊले सांगा, राग सोडा म्हणावं." आणि मी बाहेर यायच्या आत गेला.

लीलाने हात लावला नव्हता. "बंदूक नाई तरी येते," ती म्हणाली. "तोंडाचा वाटा असन हा."

मी गाठोडं उचललं.

"टॉवेल देऊ? झाकून नेता?"

"नाही."

बुद्धविहारापासून निघालो, किराणा दुकानावरून, शाळेवरून, मधल्या मोठ्या रस्त्याने. पानं एका बाजूने सुटली होती, मांस दिसत होतं. लोक पाहत होते. "काय आणलं, गुलाबभाऊ?" एकीने दारातून विचारलं. "आणलं नाही, नेऊन राहिलो," मी म्हणालो. लीला माझ्यामागे चार पावलं चालत होती. मी तिला ये म्हटलं नव्हतं आणि परतही पाठवलं नाही.

भय्याजींकडे मुलीला पाहायला मोहाडीचे पाहुणे आले होते. ओट्यावर खुर्च्या मांडलेल्या, पोह्यांच्या बशा. मी पायऱ्या चढलो आणि गाठोडं मधल्या टीपॉयवर, बशांच्या मधोमध ठेवलं.

"हे काय, गुलाबराव?" त्यांचा आवाज लहान झाला होता.

"बंदुकीचा वाटा आहे," मी म्हणालो. "बंदूक अड्याळच्या ठाण्यात आहे. तिथं नेऊन द्या."